अर्टिगातले स्पीकर बदलले, आता आठेक महिने वापरून

शिवरात्रीच्या सुमारास आमच्या अर्टिगाचे स्पीकर बदलले. मधे मे महिना गेला, अख्खा पावसाळा गेला, आता दसरा तोंडावर आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. नवीन सामान बसवलं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच भारी वाटतं. खरं काय ते दारं दोन-चार हजार वेळा आपटून झाल्यावर कळतं.

गाडी 2021 ची व्हीएक्सआय. चार दारांत कंपनीचे चार स्पीकर, ट्विटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) नाहीत, साधा टू-डिन (दोन खणांच्या उंचीचा) स्टिरिओ. स्टिरिओ तोच ठेवलाय. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर म्हणजे मोठा स्पीकर दारात, ट्विटर वेगळा), मागच्या दारांत त्याच मापाचे, ट्विटर पोटातच असलेले कोअॅक्शियल आणि चारही दारांना डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारं अस्तर. स्पीकरना साधारण साडेनऊ हजार गेले, डॅम्पिंगचं सामान आणि मजुरी धरून पाच. पण मला विचाराल तर फरकातला मोठा वाटा त्या पाच हजारांचा आहे.

दुकानात गेलं की आधी खोकी दाखवतात. 300 वॅट, 350 वॅट. त्याकडे बघूच नका. कंपनीच्या स्टिरिओवर ‘50 गुणिले 4’ छापलेलं असलं तरी आतली चिप सलग पंधरा-वीस वॅटच देते. एवढ्याशा ताकदीवर कोण मोकळा वाजतो ते सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटवर किती डेसिबल आवाज निघतो त्या) आकड्यावरून ओळखायचं. तीन डेसिबल जास्त म्हणजे दुप्पट पॉवरच्या अॅम्पइतका फायदा. मी 92 डेसिबलचा सेट घेतला. वेगळा अॅम्प लावला नाही आणि आजवर त्याची गरजही वाटली नाही. फिटिंगवाल्याला हे काही पटलं नाही. ‘‘साहेब, ह्यात काय मजा न्हाय. मागं एक बासट्यूब टाका, गाडी हालली पायजे.’’ तिसरी रांग उभी असताना अर्टिगाची डिकी 209 लिटरची. त्यात ट्यूब, म्हणजे बासचं ते मोठं नळकांडं, टाकली तर नृसिंहवाडीला जाताना पिशव्या काय टपावर बांधायच्या?

आता दाराचं. स्पीकरचा कागद पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लॅस्टिकचा कागद डकवलेला. मागची हवा तिथून पुढे येते, दोन्ही लाटा एकमेकींना खातात आणि बास जातो. मग लोक म्हणतात स्पीकर फुसका आहे. आम्ही बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची (चिकट रबराची) शीट रोलरने दाबून बसवली, तीही सगळीकडे नाही. स्पीकरच्या बरोबर मागे आणि जिथे टिचकी मारली की डबा वाजल्यासारखं होतं तिथेच. एक तृतीयांश पत्रा झाकला तरी पुष्कळ होतं. आतल्या पत्र्याची भोकं मात्र नीट बंद केली. दार आता लावलं की ‘ठप्प’ असा भरीव आवाज येतो.

शीट घेताना नाकाला लावून बघा. डांबराचा वास आला तर परत द्या. सांगलीच्या उन्हात बंद गाडी तापली की डांबर सुटून खाली सरकतं. आणि दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, त्यांना हात लावू देऊ नका. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते तिथून वाहून गेलं नाही तर दार खालून सडतं. ह्याच कारणासाठी स्पीकरखालची रिंगही लाकडी एमडीएफची घेतली नाही, प्लॅस्टिकची घेतली. एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. 2019 च्या पुरानंतर सांगलीत जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी कार्पेट उचलतो, तसंच दार उघडलंय तर तळात बोट फिरवून घ्या. काच पूर्ण खाली करून ती स्पीकरच्या मॅग्नेटला घासत नाही ना, तेही तिथेच बघायचं. वायर कापू दिली नाही, खटक्याने जोडायचे कपलर वापरले.

सगळ्यात जास्त वेळ ट्विटरच्या जागेने खाल्ला. पहिल्यांदा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, काचेकडे तोंड करून. आवाज उंच आणि प्रशस्त वाटला, पण काचेवर आपटून येणारा प्रत्येक ‘स’ कानात टोचायला लागला. मग पुढच्या खांबावर. तिथे छान वाजत होते. पण ते खालच्या वूफरपासून इतके लांब, की झांजा वर आणि मृदंग पायाशी अशी फाटाफूट व्हायची. (कर्टन एअरबॅगवाली गाडी असेल तर खांबाचा नाद सोडाच, बॅग तिथूनच उघडते.) शेवटी आरशामागच्या त्रिकोणी पट्टीवर आले, दोन्ही पुढच्या सीटांच्या मधोमध रोखून. क्रॉसओव्हरवर (वरचे स्वर ट्विटरला, खालचे वूफरला वाटून देणारी डबी) ट्विटर तीन डेसिबलने उतरवायची सोय होती, ती वापरली.

आपण बसतो उजवीकडे. उजवा ट्विटर हाताच्या अंतरावर, डावा त्याच्यापेक्षा दोनेक फूट लांब. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि सगळं गाणं उजव्या खिडकीला चिकटतं. डीएसपीवाल्या (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या) स्टिरिओत हा उशीर भरून काढता येतो. साध्यात बॅलन्स दोन घरं डावीकडे सारायचा. तेवढ्यानेही गाणारा बराच मधे येतो.

कस आप्पांनी लावला. आप्पा मिरजेचे, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचे. सतारमेकर गल्लीतल्या तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. जुन्या स्पीकरवर तंबोरा म्हणजे नुसती घूं. आता पंचमाची तार सुटली, मग जोडीच्या तारा, मग खर्ज (सगळ्यात खालचा सा), हे वेगळं ऐकू येतं. जवारीचा (घोडीवर तार घासून येणारा) झंकार शेवटपर्यंत रेंगाळतो. मधल्या रांगेत बसून आप्पा एवढंच म्हणाले, ‘‘खर्जाची तार जरा उतरलीय.’’ तीस वर्षांपूर्वीची ध्वनिफीत ती!

उणं काय? तिसरी रांग. मागच्या दारातला स्पीकर मधल्या रांगेच्या पोटरीशी, त्यापुढे पिशव्या, उशा, चादरी. मागे बसलेल्या पोरांना वरचे स्वर कमीच पोचतात. गाडी भरली की फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटायची सोय) दोन घरं मागे घेतो, इतर वेळी मागचे अगदी बारीक. पॅनेल कापून तिथे स्पीकर घालायची माझी तयारी नाही. मे महिन्यात डावा ट्विटर दुहेरी टेप सोडून लोंबायला लागला. आता स्क्रूची पट्टी आहे. बास वाढला तसा मागच्या उजव्या दारातला काचेच्या बटणांचा पॅनेल कुरकुरायला लागला, त्याला फोमची पट्टी पुरली. दाराच्या खिशातली पाण्याची बाटली अजूनही थरथरते, तिला काय करणार!

पेठ नाक्यापुढे हायवेला शंभरच्या आसपास गेलं की टायरचा आवाज खर्ज गिळतो. ड्रायव्हरच्या सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर दिवाळीत बघतोय. त्याची वायर थेट बॅटरीवरून येणार, तेव्हा फ्यूज बॅटरीपासून वीतभरात आणि पत्र्यातून वायर घेताना रबरी ग्रोमेट (वायर पत्र्याने कापू नये म्हणून भोकात बसवायची कडी), एवढं फिटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवलंय. बासट्यूबचं त्याने परत एकदा विचारून घेतलंच.