संध्याकाळी साडेपाचचं न्यूयॉर्क : वर्षभर 'डेमॉक्रसी नाऊ!' ऐकल्यावर

आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर एक छोटा ब्लूटूथ स्पीकर असतो. २०२४ च्या ऑगस्टपासून त्यावर (आधी सोमवार ते शुक्रवार, आता तीनच दिवस) संध्याकाळी साडेपाचला, न्यूयॉर्कचे सकाळचे आठ वाजतात आणि 'डेमॉक्रसी नाऊ!' सुरू होतं. तासाभराचा बातम्यांचा कार्यक्रम, जाहिरात एकही नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं, "ही बाई कोण गं? हिला कधी हसू येत नाही का?"

ती बाई म्हणजे अ‍ॅमी गुडमन. १९ फेब्रुवारी १९९६ ला हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून सूत्रधार तीच आहे. जोडीला हुआन गोन्झालेस आणि नरमीन शेख.

मी याकडे वळले ते अगदी साध्या कारणाने. २०२४ च्या लोकसभेच्या निकालानंतर टीव्हीवरच्या चर्चा आमच्या घरात बंद झाल्या. सहा चौकोनांत सहा माणसं एकमेकांवर ओरडणार आणि त्या आरडाओरड्यात मूळ बातमी कुठली हेच कळणार नाही, याचा वीट आला होता. बॉस्टनजवळ शिकणारी भाची म्हणाली, "मावशी, हे ऐकून बघ. डावीकडे झुकलेलं आहे, पण ते लपवत नाहीत." हे दुसरं वाक्य मला पटलं. दुकानदाराने पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' लिहिलं की निदान आपण कुठे उभे आहोत ते तरी कळतं.

आधी रोजच्या वापरातल्या गोष्टी. सुरुवातीची दहा-बारा मिनिटं ठळक बातम्या. त्या झपाट्याने जातात. मेथीची एक जुडी निवडून होते तेवढ्यात गाझा, सुदान, वॉशिंग्टन, सुप्रीम कोर्ट, कुठला तरी संप, सगळं होऊन जातं. मग दोन किंवा तीन विषय, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं. मध्ये थोडं संगीत, आणि तेही बऱ्याचदा विषयाला धरून. इंग्रजी जड जात असेल तर पहिला महिना त्रास होतो. मला झाला. पण त्याच दिवशी साइटवर संपूर्ण मजकूर शब्दशः येतो, फुकट. माझा धंदा प्रुफं तपासण्याचा, त्यामुळे छापील शब्द समोर असला की मला बरं वाटतं. ऐकताना निसटलेलं नाव रात्री वाचून नीट करून घ्यायचं, ही सवय लागली. जुने भागही साइटवर आहेत, आणि या अनुभवातला निम्मा फायदा मला त्या जुन्या भागांतून मिळाला.

एक फजिती सांगते. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी होती. सोमवारी साडेपाचला लावलं तर प्रक्षेपणच नाही. राउटर तीनदा बंद-चालू केला, नेटवाल्या पोराला फोन करून दोन शब्द सुनावले. तो बिचारा येऊन वायर हलवून गेला. भाऊबिजेच्या दिवशी अमेरिकेत घड्याळं तासाने मागे गेली होती, हे साडेसहाला आपोआप आवाज आल्यावर कळलं. नवीन ऐकणाऱ्यांनी लक्षात ठेवा : त्यांच्या हिवाळ्यात आपल्याकडे साडेसहा, मार्चपासून पुन्हा साडेपाच. नेटवाल्याला नंतर फराळ दिला.

ते दिवस निवडणुकीचे होते, इथे आणि तिथेही. ५ नोव्हेंबरला अमेरिकेचं मतदान, २० ला आपल्या विधानसभेचं. गल्लीत रिक्षांवरचे भोंगे आणि स्वयंपाकघरात पेनसिल्व्हेनिया. मला तुलना करायची नव्हती, पण ती होतच होती. 'डेमॉक्रसी नाऊ!'चा जन्मच १९९६ च्या निवडणुकीसाठी झाला. मतदान झालं की बंद करायचा असा बेत होता, पण श्रोत्यांनी तो चालू ठेवायला लावला. त्यामुळे निवडणुकीकडे बघायची यांची तऱ्हा वेगळी आहे. कोण किती टक्क्यांनी पुढे याला वेळ कमी. मतदार यादीतून नावं कुणाची गेली, तुरुंगातून सुटलेल्याला मत आहे की नाही, दोन्ही मोठे पक्ष कशावर गप्प आहेत, याला जास्त.

२०१२ चा एक जुना प्रयोग मला फार आवडला. ओबामा आणि रॉम्नी यांच्या वादफेरीत तिसऱ्या पक्षांना जागा नव्हती. यांनी काय केलं, ती वादफेरी लावायची, प्रश्न आला की दोघांची उत्तरं ऐकवायची, मग टेप थांबवायची आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन आणि जस्टिस पार्टीचे रॉकी अँडरसन यांना तोच प्रश्न, तेवढाच वेळ. युक्ती किती सोपी! खर्च काय तर थांबवायचं बटण.

पण २०२४ च्या निकालानंतर माझी निराशाही झाली. ट्रम्प यांना मत देणाऱ्यांविषयी जाणकार बरंच बोलले, पण ती माणसं स्वतः फारशी बोलताना ऐकू आली नाहीत. ओहायोतला एखादा कामगार, ज्याने आधी डेमोक्रॅट्सना आणि आता ट्रम्पना मत दिलं, त्याला पंधरा मिनिटं मला ऐकायचं होतं. हे कार्यक्रमवाले म्हणतात की ज्यांचा आवाज ऐकू येत नाही, जिथे सगळं गप्प आहे, तिथे जावं. मग इथेही जायला हवं होतं.

आता मी का टिकून राहिले ते. जुन्या भागांत ७ नोव्हेंबर २०००, मतदानाचा दिवस. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन मतदानाचं आवाहन करायला रेडिओ स्टेशनांना फोन करत होते. तसाच न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआयला केला. दोन मिनिटांचं काम म्हणून आलेल्या या फोनला गुडमननी जवळपास अर्धा तास सोडलं नाही. इराकवरचे निर्बंध, फाशीची शिक्षा, आणि लिओनार्ड पेल्टियर. क्लिंटन शेवटी वैतागले. पेल्टियर हा अमेरिकेतल्या मूलनिवासी इंडियन लोकांच्या चळवळीतला कार्यकर्ता. १९७५ मध्ये पाइन रिज या त्यांच्या राखीव भागात एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, त्या खटल्यात जन्मठेप भोगत होता. तुम्ही त्याला माफी देणार का, असा सरळ प्रश्न. क्लिंटननी दिली नाही. मी हा मजकूर डिसेंबरात वाचला. २० जानेवारी २०२५ ला, पायउतार होता होता बायडेननी त्याची उरलेली शिक्षा घरी भोगायला परवानगी दिली. १८ फेब्रुवारीला ऐंशी वर्षांचा तो माणूस फ्लोरिडाच्या तुरुंगातून बाहेर आला. चोवीस वर्षांपूर्वी ज्या बाईने प्रश्न विचारला तिच्याच आवाजात मी ती बातमी ऐकली. कणीक मळत होते, हात तसेच राहिले. पाठपुरावा हा शब्द मी प्रुफांत हजार वेळा वाचला असेल.

ही परंपरा मात्र तिच्याही आधीची आहे. १५ एप्रिल १९४९ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत केपीएफए हे रेडिओ स्टेशन सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या लुइस हिलची ही कल्पना : रेडिओ जाहिरातदाराने नाही, ऐकणाऱ्याने चालवायचा. त्यातून पॅसिफिका हे रेडिओ स्टेशनांचं जाळं उभं राहिलं. डब्ल्यूबीएआय त्यातलंच, आणि 'डेमॉक्रसी नाऊ!'ही याच जाळ्यावर सुरू झाला. ह्यूस्टनमधल्या त्यांच्या केपीएफटीचा ट्रान्समीटर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीने १९७० मध्ये दोनदा स्फोटाने उडवला. आणि गुडमन स्वतः १९९१ च्या नोव्हेंबरात, तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरच्या दिलीमध्ये होत्या. इंडोनेशियाच्या सैन्याने एका मृताला श्रद्धांजली वाहायला निघालेल्या जमावावर गोळ्या झाडल्या, अडीचशेच्या वर माणसं गेली. त्यांनाही मारहाण झाली, सोबतच्या पत्रकार अ‍ॅलन नेर्न यांची कवटी फुटली. सासूबाईंना हे सांगितल्यावर हसण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

युद्धाच्या बातम्यांत याच अनुभवाचा फरक पडतो. यांच्याकडे निवृत्त जनरल नकाशावर बाण दाखवत नाहीत. त्याऐवजी डॉक्टर येतात. फिरोज सिधवा हे नाव ऐकून कान टवकारले, आपल्याकडचंच वाटलं. ते कॅलिफोर्नियातले सर्जन, २०२४ च्या वसंतात खान युनिसच्या युरोपियन हॉस्पिटलमध्ये काम करून आलेले. डॉक्टर केसपेपर वाचून दाखवतात तसं ते बोलतात, आवाज न चढवता. त्या दिवशी आमच्याकडे कुणी चहा मागितला नाही.

नागरी हक्कांचा विषय मला आधी पुस्तकी वाटायचा. मार्च २०२५ मध्ये तो घरात आला. ८ मार्चला कोलंबिया विद्यापीठात पॅलेस्टाइनच्या बाजूने निदर्शनं करणाऱ्या महमूद खलीलला सरकारी इमिग्रेशन एजंटांनी उचललं. ग्रीन कार्ड असलेला माणूस, थेट लुइझियानाच्या कोठडीत. एप्रिलमध्ये त्याचा मुलगा जन्मला तेव्हा तो आतच होता, जूनमध्ये सुटला. पण आम्हाला हादरा बसला तो २५ मार्चचा. सॉमरव्हिलमध्ये रुमेसा ओझटुर्क या टफ्ट्स विद्यापीठातल्या तुर्की मुलीला साध्या कपड्यातल्या, तोंडं झाकलेल्या लोकांनी रस्त्यात धरलं. तिने विद्यार्थ्यांच्या पेपरात इतरांसोबत पॅलेस्टाइनच्या बाजूने एक लेख लिहिला होता. आमची भाची तिथून फार लांब राहत नाही. ऐकून मी तिला लगेच फोन लावला आणि त्याच विषयावर बोलायला लागले, तर ती म्हणाली, "मावशी, फोनवर नको. तू मेथीचं बोल." हा कार्यक्रम मला सुचवणारी तीच. आम्ही वीस मिनिटं पराठ्यांवर बोललो. रुमेसा ९ मे रोजी सुटली. भाचीने मात्र जुन्या पोस्ट पुसल्या त्या पुसल्याच.

आणि मग मे. खरी परीक्षा माझी झाली.

पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात सहा आपल्या राज्याची, दोघं तर आमच्या पुण्याचेच. ७ मेच्या पहाटे कारवाई झाली, दिवसभर मॉक ड्रिलची चर्चा. संध्याकाळी नेहमीप्रमाणे साडेपाचला स्पीकर लावला. भारत म्हणतो दहशतवाद्यांचे तळ, पाकिस्तान म्हणतं सामान्य नागरिक, मुलं. दोन्ही बाजूंची विधानं एकाच पट्टीत, त्याच न हसणाऱ्या आवाजात. गाझाबद्दल, इराकबद्दल ज्या थंडपणाचं मी नऊ महिने कौतुक करत होते, तोच मला टोचला. पहलगाम म्हणजे त्यांच्यासाठी संदर्भाचं वाक्य! मी स्पीकर बंद केला. ह्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मग टीव्ही लावला. तिथे सायरनचे आवाज स्टुडिओतच वाजत होते. दुसऱ्या रात्री तर काही वाहिन्यांनी कराची बंदर उडवलं, जे दुसऱ्या दिवशी जागच्या जागी होतं. तो गोंगाट बंद करून मी सात तारखेचा मजकूर काढला आणि प्रुफं वाचतात तसा पेन्सिल घेऊन वाचला, चूक शोधायला. राग होता पण खूण करायला ओळ सापडेना. दहा तारखेला युद्धविराम झाला. मी बारा तारखेला, सोमवारी, पुन्हा स्पीकर लावला, आधी नाही.

तक्रारी आहेतच. पाहुणे बऱ्याचदा एकाच मताचे असतात, त्यामुळे मुलाखत कधी कधी होकाराची माळ होते. मूळ बाजू किती पक्की आहे हे कळायला विरोधातला एक शहाणा माणूस हवा असतो. भारत क्वचित येतो, आणि येतो तेव्हा इंग्रजी उत्तम बोलणारी ठरावीक माणसं बोलतात. विदर्भ-मराठवाडा या कार्यक्रमाच्या नकाशावर यायला पी. साईनाथ यांच्यासारख्या खेड्यापाड्यांवर लिहिणाऱ्या पत्रकारालाच बोलवावं लागतं. दुःखाचा डोस मोठा आहे, ह्यांचं रोजचं वाक्य, "झालं का तुझं सुतक सुरू?" जानेवारीत मला खरंच झोप येईना, तेव्हापासून रोज ऐकणं सोडलं. आणि वर्गणीची मोहीम सुरू झाली की तेच तेच आवाहन ऐकून कान किटतात.

तरी ती मोहीम आता मी सहन करते. सरकारी पैसा नाही, कंपन्यांचा नाही, जाहिरात नाही, असं म्हटल्यावर हात पुढे करावाच लागणार. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी दिलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले तेव्हा लुइस हिलच्या हट्टाचा अर्थ मला नव्याने कळला. मीही दहा डॉलर पाठवायला गेले. माझ्या बँकेने चार दिवस, तीन ओटीपी आणि एका शाखाभेटीनंतर सांगितलं की या कार्डावर परदेशी व्यवहार चालत नाहीत. शेवटी भाचीने भरले. तिला म्हटलं, "तुझ्या नावावर नको हं." ती हसली, "मावशी, आता तू शिकलीस."

कुणी विचारतं, असं मराठीत रेडिओवर काही आहे का? कसं असणार! आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा पुन्हा ऐकवता येतात, तेवढंच. कम्युनिटी रेडिओचंही तेच. म्हसवडच्या माणदेशी तरंगवर बाई शेळीच्या आजारावर उत्तम बोलतील, पण तालुक्याच्या निवडणुकीची बातमी स्वतः मिळवून द्यायची मुभा नाही. बर्कलीतल्या एका खोलीत १९४९ साली जे करता आलं ते आपल्याला अजून कायद्यानेच बंद आहे, याची चीड मला त्या कार्यक्रमातल्या कुठल्याही बातमीपेक्षा जास्त येते.

सध्या सोमवार, बुधवार, शुक्रवार ऐकते. बाकीचे दिवस नुसत्या ठळक बातम्या वाचते. इंग्रजी बऱ्यापैकी कळत असेल आणि रोज न ऐकण्याचा संयम असेल, तर जरूर लावा. जेवताना मात्र लावू नका. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं पुन्हा मागे जाणार, हे मी कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवलंय. नेटवाल्याच्या नंबराच्या अगदी शेजारी.