मुलांचा म्हणून विकला, निघाला २०० अंशांचा: थ्रीडी पेनच्या नावाखाली झालेली फसवणूक

‘नोझल गरम होत नाही, लहान मुलांसाठी एकदम सेफ’ अशी थ्रीडी पेनची, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून वस्तू काढायच्या पेनची, जाहिरात मोबाईलवर दिसली, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमच्या मुलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केळीचा घड करायचा होता. जाहिरातीत एक छोटा मुलगा चालू पेनचं टोक बोटाला लावून हसत होता, खाली लिहिलं होतं ‘लो टेंपरेचर, पीसीएल’. असे पेन खरंच असतात. पीसीएल हे प्लास्टिक साधारण ६० अंशांनाच वितळतं, म्हणून मुलांच्या पेनमध्ये तेच वापरतात. १,२९९ रुपयांना मागवला, कॅश ऑन डिलिव्हरी. पैसे हातात पडल्याशिवाय कुरिअरवाल्यानं खोकं उघडू दिलं नाही.

मी तेव्हा ड्युटीवर होतो. पोरीनं पेन लावला, पिवळी तार मागून आत घातली, कागदावर काढलेल्या केळ्यावरून एक रेघ ओढली आणि जाहिरातीतल्या मुलासारखं टोकाला बोट लावलं. आजी ‘काय व्हयनं व माय?’ करत धावत येईपर्यंत बोटावर फोड आला होता.

मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर काम करतो. प्लास्टिकचा दाणा वितळवून नोझलमधून ढकलायचा, हेच आमचं रोजचं काम, आणि थ्रीडी पेन म्हणजे हातात मावणारा एक्स्ट्रूडरच. दुसऱ्या दिवशी पेन कारखान्यात नेला आणि टोकाला तापमान मोजायची प्रोब लावली. काटा १९० च्या पुढे गेला. पेनच्या इवल्याशा स्क्रीनवर पीसीएल हा पर्यायच नाही, फक्त पीएलए आणि एबीएस, ही जास्त तापमानाला वितळणारी प्लास्टिकं. म्हणजे मोठ्या माणसांनी जपून वापरायचा पेन लहान मुलांचा म्हणून विकला होता.

तारेतही लबाडी होती. पाकिटावर पीएलए छापलेलं. पीएलए मक्यापासून किंवा उसापासून करतात, त्याचा वास फारसा उग्र नसतो. ही तार वितळली की घसा खवखवायचा. एक तुकडा ॲसिटोनमध्ये टाकून ठेवला, तर त्याचा चिकट लगदा झाला. एबीएसचं असं होतं. एबीएस वितळताना स्टायरीनची वाफ निघते, बंद खोलीत मुलांनी ती नाकात घ्यावी अशी वस्तूच नाही. तारेची जाडी १.७५ मिलिमीटर हवी. व्हर्नियर लावला तर कुठे बरोबर, कुठे १.९. असली तार आत अडकणारच.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती पुढच्या प्रकाराची. खोक्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला, ‘सर, रिफंड लगेच देतो’ म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा आणि यूपीआय पिन टाका, म्हणे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मी फोन ठेवला. नंतर तो नंबर लागलाच नाही, वेबसाइटही गायब झाली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. कुणी चुकून पिन टाकलाच असेल, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

मुलांसाठी पेन घ्यायचाच असेल तर दुकानात जाऊन चालू करून बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो शोधा. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी हवी. आमच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. आणि स्क्रीनवर पीएलए किंवा एबीएस दिसलं, तर विकणारा काहीही सांगो, तो पेन २०० अंशांच्या आसपास तापणारच.

अशाच जाहिरातीवरून कुणी पेन घेतला असेल तर खोकं, कुरिअरची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट फेकू नका. पेन पोराच्या हातातून आजच काढून घ्या आणि तक्रार नोंदवा.