मलावीच्या वाळूत तिसऱ्याची शिंपी

आमच्याकडे माशांचा तीन फुटी टँक आहे, साधारण दीडशे लिटरचा. त्यात पाच वर्षं ऑस्कर जातीचा एकच मोठा मासा होता आणि तळाला नुसती काच. ऑस्करला वाळू दिली काय, गोटे दिले काय, सगळं उकरून कोपऱ्यात ढकलतो. मोकळ्या तळाचं सुख म्हणजे पाइप लावला की घाण बाहेर. तो गेला आणि मला आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या यलो लॅब या पिवळ्या माशांचं वेड लागलं. आठ नग घ्यायचे ठरवले.

दुकानात मी सहज विचारलं, याही टँकचा तळ मोकळाच ठेवला तर? दुकानदार हसला. "बाब, मोकळ्या काचेर हें नुस्तें आठ दिस उरचें ना." म्हणजे नुसत्या काचेवर हे मासे आठ दिवसही टिकणार नाहीत. मग म्हणाला, मलावीचं पाणी जड असतं, तिथली खास वाळू घातल्याशिवाय पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क हे सांगणारा आकडा) चढत नाही. यातलं अर्धं खरं होतं, म्हणून तर मी अडकलो. मलावीच्या माशांना पीएच 7.8 ते 8.6 आणि कठीण पाणी मानवतं. आमच्या गोव्यातल्या, डिचोलीच्या विहिरीचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, मऊ, पीएच 6.3 च्या आसपास. प्रवाळाचा चुरा किंवा अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे चुन्याच्या खनिजाची वाळू हळूहळू विरघळून पाण्याला कठीणपणा देते, हेही खरंच. पण तळाला वाळू नसली तर मासे मरतात हे कुठून आलं? तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

पंचवीस किलोचं पोतं, किलोला 220 रुपये. साडेपाच हजार मोजले, तेही रोख. "बिल घेतलंत तर टॅक्स पडणार." एका कागदावर 'फिश टँक साहित्य' एवढं खरडून दिलं. पोत्यावर माशाच्या चित्राचं स्टिकर होतं. तोंड निळ्या दोऱ्यानं शिवलेलं, आणि टाक्यांच्या शेजारी जुन्या टाक्यांची रिकामी भोकं. ती मी पाहिली होती, बरं का. पाहूनही पोतं स्कूटरवर टाकलं.

अंगणात वाळू धुवायला बसलो. सातव्या बादलीलाही पाणी तांदळाच्या धुवणासारखंच. आई पायरीवर बसून बघत होती. तिनं बोटभर काहीतरी उचललं. "अरे, ही तर तिसऱ्याची शिंपी!" मलावी हे गोड्या पाण्याचं सरोवर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथं खाऱ्या पाण्यातली, आमच्या आमटीतली तिसरी कशी पोचली?

तरीही मी वाळू टँकमध्ये घातली. पाच हजार पाण्यात गेल्याचं मान्य करायला माणसाला वेळ लागतो. मासे सोडले. दहा दिवसांनी टेस्ट किटचे थेंब टाकले, तर पाणी पिवळटच. पीएच जिथल्या तिथं. मासे पर मिटून फिल्टरच्या तोंडाशी धापा टाकत होते. तीन मेले. त्याचा सगळा दोष वाळूवर ढकलत नाही. मासे सोडण्याआधी फिल्टर महिनाभर चालवून, त्यात उपयोगी जिवाणू वाढेपर्यंत मुरू द्यायला हवा होता, ती घाई माझीच.

मग शेजाऱ्यांकडून वाटीभर माडाचं व्हिनेगर आणलं. चमचाभर कोरड्या वाळूवर ओतलं. चुनखडीची वाळू असती तर फसफसली असती. ही गप्प. आईनं ठेवलेली ती शिंपी वाटीत टाकली, तर तिच्यावर मात्र बुडबुड्यांची रांग. फ्रिजवरचं लोहचुंबक कागदाआडून फिरवलं, तर काळे कण केसांसारखे उभे राहिले. असे काळे कण आमच्या किनाऱ्यांवर हवे तेवढे सापडतात. कुठल्या किनाऱ्यावरची होती ते सांगता येणार नाही, पण मलावीची नव्हती हे नक्की. आणि किनाऱ्यावरची वाळू उपसायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्याच्या सरकारी नियमांत मनाई आहे, तेव्हा पक्कं बिल तो देणार तरी कशाचं?

पोतं परत घेऊन गेलो, तर म्हणाला, "तुमचं पाणीच खराब." ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर ठाऊक होता, पण 'फिश टँक साहित्य' या तीन शब्दांवर तक्रार काय करणार?

पुढचे दोन महिने तळ मोकळाच ठेवला. उरलेले पाच जण व्यवस्थित जगले. प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला. पीएच हळूहळू 7.8 वर आला. म्हणजे पाण्यासाठी तळाला वाळू लागतच नव्हती. पण काचेवर खालून पडणाऱ्या प्रतिबिंबानं मासे बिचकायचे, आणि नर रिकाम्या काचेवर तोंड घासत खड्डा करू बघायचा. ते बघवेना. शेवटी इंचभर साधी, चाळलेली नदीची वाळू घातली. दगड आधी थेट काचेवर टेकवले, वाळू नंतर. नाहीतर हे उकरून उकरून दगड स्वतःच्या अंगावर पाडून घेतात. आता नर तोंडात वाळू भरतो, हातभर लांब नेतो आणि थुंकतो. दिवसभर तेच.

परवा त्या दुकानावरून गेलो. दारात तशीच पोती, तसाच निळा दोरा. स्टिकर नवं होतं, आफ्रिकेतल्याच दुसऱ्या सरोवराचं: 'टांगानिका सँड', किलोला 260.