आठ महिने एआय घेऊन शिकवलं, पण तो पान क्रमांक काही पचत नाही

मागच्या आठवड्यात अंतर्गत मूल्यमापनाचे प्रकल्प तपासत होते. विषय माणगाव परिषद, म्हणजे शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एकत्र आले ती अस्पृश्यांची परिषद. एका प्रकल्पाच्या शेवटी संदर्भ दिलेला: आंबेडकरांचं पाक्षिक ‘मूकनायक’, फेब्रुवारी १९२०, पान ४. मी पेन खाली ठेवलं. परिषद भरली २१ आणि २२ मार्च १९२० ला. जी अजून भरलीच नव्हती तिचा वृत्तांत महिनाभर आधीच्या अंकात छापून कसा येईल? पोराला बोलावून विचारलं. म्हणाला, “मॅडम, एआयनं दिला. पान नंबर पण दिला हुता, म्हणून खरा वाटला.”

त्याच रात्री हे लिहायला घेतलं.

मी कोल्हापुरात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. एआय काय असतं, मोबाइलवर कसं चालतं, हे आता सांगायची गरज नाही. जूनपासून दोन साधनं वापरली. दोष दोन्हींत एकच, म्हणून नावं लिहीत नाही. त्यातल्या एकाला तीन महिने दरमहा ३९९ रुपये भरले. तासांवर मानधन मिळतं आणि तेही चार-चार महिने अडकतं, तेव्हा एवढी रक्कमसुद्धा जाणवते. पैसे भरल्यावर उत्तरं लांबली, प्रश्न जास्त विचारता आले, पान क्रमांक मात्र तसेच खोटे. चौथ्या महिन्यात बंद केलं. शिकवण्यापुरतं फुकटचं पुरतं, विकत घेऊ नका.

असं का होतं, तेही मुलांना समजावून सांगावं लागलं. हे साधन ग्रंथ उघडून बघत नाही. आधीच्या शब्दांपुढं कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज घेत ते वाक्य जुळवतं. संदर्भ म्हणजे नाव, साल, पान, हा साचा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून ते साचा भरून देतं. नेटवर शोधून दुवा देणारं साधन असेल तर थोडा फरक पडतो, कारण दुवा उघडून बघता येतो. पण करवीर दरबारची, म्हणजे जुन्या कोल्हापूर संस्थानची, मोडीतली कागदपत्रं त्याला कुठून सापडणार? शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा आदेश त्यानं दर वेळी बरोबर सांगितला, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. आपल्या गावाजवळचं विचारलं की घसरतं. एकदा त्यानं माणगाव थेट रायगड जिल्ह्यात नेऊन ठेवलं. मी फळ्याकडं वळले होते, तेवढ्यात मागून रुकडीची मुलगी बोलली, “मॅडम, ह्ये माणगाव आमच्या शेजारी हाय, हातकणंगले तालुक्यात!”

चूक साल किंवा गाव यांची असली तर मला एवढा राग येत नाही. माणूसही तिथं चुकतो. पान क्रमांक ही वेगळी गोष्ट आहे. पान क्रमांक देणारा सांगत असतो की मी हे पान डोळ्यांनी पाहिलंय, तुम्हीही जाऊन पाहा. आम्हाला इतिहासात पहिल्या वर्षी हेच शिकवलं.

ऑगस्टपर्यंत माझं मत होतं की एआयवर बंदीच घालावी. एआयचं लिखाण ओळखणारं एक साधन मिळालं, त्यावर मी निबंध टाकायला लागले. स्पर्धा परीक्षेसाठी हट्टानं इंग्रजीत लिहिणाऱ्या एका मुलीचा निबंध त्यानं यंत्रानं लिहिलेला ठरवला आणि मी तिचे गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती कच्ची वही घेऊन आली. तीन वेळा खोडून लिहिलेलं, समासात मराठी शब्दांचे अर्थ. मग मी याबद्दल वाचलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचं असं ओळख-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्येच मागं घेतलं होतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशी सात साधनं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. साधी, ठरावीक शब्दांची वाक्यं त्या साधनांना यंत्राची वाटतात, आणि शिकून इंग्रजी लिहिणारी आपली मुलं तशीच वाक्यं लिहितात. तिचे गुण परत दिले, वर्गासमोर माफी मागितली. ते साधन पुन्हा उघडलेलं नाही. शिक्षकांनो, कृपा करून तुम्हीही त्याच्या भरवशावर कुणाला चोर ठरवू नका.

बंदीचं मत पुढं आणखी एका मुलामुळं बदललं. तो गांधीनगरला कापड दुकानात रात्री नऊपर्यंत काम करतो, तास बुडतात. शाहू महाराजांना १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय का घ्यावा लागला, हे तो रात्री अकराला एआयला विचारायचा, समजलं नाही की आपल्या बोलीत पुन्हा विचारायचा. सकाळी येऊन मला जे प्रश्न घालायचा, ते पाहून मी थक्क झाले. त्या वेळेला त्याला कोण शिकवणार होतं?

माणगाव रायगडात नेल्याच्या त्या घोळानंतर मी एआयचं उत्तर छापून वाटते आणि चुका शोधायला लावते. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून गावात आहे. जूनमध्ये माझ्या वर्गातल्या चाळिसांपैकी तिघांनीच ते आतून पाहिलं होतं. आता गट करून जातात, विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातही. मुलांची नावं आणि गुण मात्र एआयमध्ये टाकत नाही, सहकाऱ्यांनाही टाकू देत नाही.

पुढच्या सत्रापासून प्रकल्पाला एआयला विचारलेले प्रश्न जोडायचे, प्रत्येक संदर्भाच्या पानाचा स्वतः काढलेला फोटो लावायचा, आणि माझ्यासमोर पाच मिनिटं तोंडी बोलायचं. चाळीस मुलांचे दोनशे मिनिटं होतात, ते मानधनात धरले जाणार नाहीत, तरी घेणार आहे.

फेब्रुवारी १९२० वाल्या पोराला नापास केलेलं नाही. ग्रंथालयात पाठवलं. काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला, सोबत उघड्या पुस्तकाचा फोटो: “पान ४ ला न्हाई मॅडम. आजून बघतोय.” त्याच्या गुणांचा रकाना मी मोकळा ठेवलाय.