घरबसल्या स्नूड विणायचं काम: १०,२३० रुपयांना गंडवलं

नोंदणी ५००, डिपॉझिट ४,५००, लोकर ३,२००, गोल सुयांचा सेट ८५०, आणि वरून ‘तपासणी फी’ १,१८०. एकूण १०,२३० रुपये. आकडा मुद्दाम फोडून सांगतेय, कारण साताऱ्यातल्या ज्या ज्या बाईला विचारलं ती “गेले थोडेफार” म्हणून विषय बदलते. थोडेफार नाहीत हो. आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा आहे तो.

डिपॉझिट घ्यायचं, राबवून घ्यायचं आणि शेवटी माल नापास करायचा, हा धंदा काही आजचा नाही. पेन्सिल पॅकिंगपासून डेटा एंट्रीपर्यंत सगळीकडे हेच चालतं, आणि मला ते माहीत होतं. म्हणूनच पैसे देण्याआधी मी स्वतः जाऊन बघून आले. पोवई नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर गाळा, दारावर पाटी, काचेच्या कपाटात नमुने, संगणकावर बसलेली मुलगी, छापील पावतीपुस्तक. “ताई, आपला माल महाबळेश्वर-पाचगणीच्या दुकानांत जातो, बाहेरदेशी जातो. लुधियानाची प्युअर लोकर आहे,” मॅडम म्हणाल्या. यात संशय घ्यावा असं काय होतं? कुठली तरी लिंक दाबून पैसे घालवणाऱ्यांत मला कुणी धरू नये.

स्नूड म्हणजे टोकं नसलेला गोल मफलर, डोक्यावरून गळ्यात घालायचा. ३० नग, ४५ दिवस, नगाला ३५० रुपये. म्हणजे १०,५०० मजुरी आणि वर डिपॉझिट परत.

आता त्यांनी दिलेला विणीचा कागद. राग येतो तो इथे. नमुन्याच्या फोटोत वीण दाणेदार होती, एक सुलट एक उलट, आणि पुढच्या फेरात सुलटावर उलट. कागदावर मात्र लिहिलेलं: ‘१२० टाके, गोल सुईवर, प्रत्येक फेर एक सुलट एक उलट.’ विणणाऱ्या बाईला पुढचं सांगायला नको. गोल विणताना टाके सम असले की सुलटावर सुलटच येतो आणि स्वेटरच्या काठासारख्या उभ्या पट्ट्या पडतात. याच पद्धतीने दाणे हवे असतील तर टाके विषम पाहिजेत, म्हणजे प्रत्येक फेर आपोआप एका टाक्याने सरकतो. मी लग्नाआधीपासून विणतेय. कागद हातात घेतल्या घेतल्या हे मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी काय समजले? छापण्यात चूक झाली. १२१ टाके घातले आणि लागले कामाला. तिथेच थांबून “मॅडम, हे लेखी दुरुस्त करून द्या” म्हणायला हवं होतं. पण ज्याला विणकाम येतं तो माणूस कागदावरची चूक सुधारून पुढे जातोच. तुम्हीही तेच केलं असतं.

एका स्नूडला दहा हजारांच्या आसपास टाके पडतात. सुलट-उलट करताना दर टाक्याला लोकर पुढे-मागे घ्यावी लागते, त्यामुळे हात चालत नाही. एक नग म्हणजे अख्खा दिवस. दिवाळीचा फराळसुद्धा मी या वर्षी विकत आणला.

माल जमा करताना तपासणी फी मागितली. तोवर ३० नग तयार आणि ९,०५० रुपये अडकलेले. अशा वेळी १,१८० साठी मागे कोण फिरेल? पुढच्या आठवड्यात निकाल आला: “ताई, शीटमध्ये १२० आहेत, तुमचे १२१ भरले. बायर घेणार नाही.” मी म्हटलं, शीटप्रमाणे १२० वर फोटोतली वीण येतच नाही, बसा, आत्ता विणून दाखवते. बाई हसल्या. शाहूपुरीतल्या एका वहिनींनी कागदाबरहुकूम १२० घातले होते. त्यांचा माल ‘फोटोशी जुळत नाही’ म्हणून परत. म्हणजे कसंही विणा, नापासच.

लोकरही खोटी. धागा जाळून बघा: खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. माझा धागा वितळला आणि त्याची काळी टणक गोळी झाली. अॅक्रिलिक. हे पैसे देण्याआधी करा, माझ्यासारखं नंतर नको.

बँकेत गेले तर “पिन तुम्हीच टाकलात ना?” एवढंच उत्तर. पैसे संस्थेच्या नव्हे, कुणा माणसाच्या खात्यात गेलेत, हे त्यांना दिसत होतं, पण ते बघणं त्यांचं काम नाही म्हणे. पोलीस ठाण्यात साहेब नाहीत, मग साहेब बंदोबस्ताला, मग साहेब आले तर म्हणाले, “मावशी, हा दिवाणी मामला आहे. करारावर सही तुमचीच.” दुसऱ्याने तर कमाल केली: “स्नूड तुमच्याकडेच आहेत ना? मग फसवणूक कसली?” ३० अॅक्रिलिकचे स्नूड घेऊन साताऱ्याच्या उन्हाळ्यात मी काय करू, हेही सांगा म्हटलं. अर्ज लिहून दिला तर पोच द्यायला तयार नाहीत. गाळ्याच्या मालकाला साधा फोन लावायला सांगितला, तोही नाही. तेवढ्यात गाळा रिकामा झाला.

नंतर एका वकीलबाईंनी सांगितलं ते मला ठाण्यातच कळायला हवं होतं. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर तक्रार लेखी, टपालाने थेट पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पोटापाण्यासाठी स्वतः राबायला घेतलेल्या मालाचा खरेदीदारही कायद्याने ग्राहकच धरतात, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, समोरच्याच्या खात्यात शिल्लक असेल तरच ती गोठवता येते. पावतीवरचा जीएसटी नंबर मोजा: १५ अक्षरं-आकडे हवेत, महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने. माझ्या पावतीवर १४ होते. आणि काम देणारा जर तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर चप्पल घाला आणि निघा.

मी आता अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवलाय, सोबत शीट आणि फोटो. सातारा, कोरेगाव, कराड, कुठल्याही बाईकडे तो १२० टाक्यांचा कागद असेल तर रागाने फाडू नका. मला एकटीला “सही तुमचीच” म्हणून घालवलं. तोच कागद पाच-सहा जणींच्या अर्जाला जोडलेला असला, की त्याला छापण्यातली चूक म्हणता येणार नाही.