बायपासचे चार शनिवार-रविवार

क्लासचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि चालवणाऱ्या मॅडम मला ओळखतात. पुण्यातलाच आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन खोल्या, त्यातल्या एकीतच एसी. मेडिकल कोडिंगचा क्लास, म्हणजे पेशंटच्या कागदांवरून बिलासाठी निदानाचे आणि ऑपरेशनचे कोड काढायला शिकायचं. त्यात हृदयाच्या कोडिंगची वेगळी बॅच : चार शनिवार-रविवार, रोज तीन तास, फी बारा हजार. सीपीटी (ऑपरेशन-उपचारांचे कोड) आणि आयसीडी (निदानाचे कोड) यांची पुस्तकं ज्याची त्यानं आणायची, आणि ती स्वस्त नाहीत हे आधीच सांगून ठेवते.

मी नऊ वर्षं कार्डिॲक आयसीयूत स्टाफ नर्स होते. गेलं दीड वर्ष अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट कोड करते. बायपासचे पेशंट किती उठवून बसवले, किती जणांना छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावलं, याचा हिशेब नाही. बॅचमध्ये बीएएमएस झालेल्या दोघी, फिजिओवाले, बी.फार्मची पोरं. यांच्यात आपण पुढे असणार असं मनात होतंच. पहिल्याच शनिवारी माझं उत्तर चुकलं.

सरांनी नाव-गाव खोडलेली एक ऑप नोट, म्हणजे सर्जननं लिहिलेला ऑपरेशनचा अहवाल, वाटली. शीर्षकात चार ग्राफ्ट, म्हणजे तुंबलेल्या धमनीला वळसा देणाऱ्या चार जोडण्या. पुस्तक उघडायला मनाई. कोऱ्या कागदावर हृदयाचा ढोबळ आकार काढायचा आणि नोट वाचत जाऊन प्रत्येक ग्राफ्ट कुठून निघाला, कुठे जोडला, त्याची रेघ मारायची. मला कशाला रेघा? लिमा (छातीतली डावी धमनी) एलएडीला (हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी), बाकी तीन शिरेचे, मोकळी झाले. कागदावर रेघा मारणाऱ्या बी.फार्मच्या पोराची मात्र तीनच टोकं भरली. चौथी धमनी फारच बारीक निघाली म्हणून सर्जननं तिथला बेत सोडला होता, आणि ते वाक्य तिसऱ्या पानावर मधेच कुठेतरी होतं. कोड द्यायचा तो मजकुरावरून, शीर्षकावरून नाही. हे नियम म्हणून मला पाठ होतं. पण मी नोट वाचलीच नव्हती, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी नुसती बघितली होती.

मग कोड. सर्जनच्या बिलाला सीपीटी लागतो. नुसत्या शिरांचे ग्राफ्ट असतील तर ३३५१० ते ३३५१६. धमनीचे असतील तर ३३५३३ ते ३३५३६. दोन्ही असतील तर धमनीचा मुख्य कोड आणि सोबत ३३५१७ ते ३३५२३ यांपैकी एक, जो एकटा कधीच लावायचा नाही. म्हणजे लिमा आणि शिरेचे दोन असतील तर ३३५३३ आणि ३३५१८. इथे ३३५११ लावणारे आमच्या ऑफिसातही आहेत, आणि क्यूसीत, म्हणजे कामाच्या तपासणीत, दर महिन्याला सापडतात. मोजायचं ते लांबचं टोक. एकच शीर वाटेत दोन धमन्यांना जोडली असेल तर मोजणी दोन.

पायाचा भाग मला सगळ्यात आवडला. ग्राफ्टची शीर बहुधा पायातून काढतात, आणि बायपासच्या पेशंटला छातीपेक्षा पाय जास्त छळतो, हे आयसीयूत काम केलेल्या कुणालाही विचारा. सूज, पाझरणारा टाका, मोजा चढवताना होणारी भांडणं. आणि सीपीटीत पायाची शीर उघडून काढण्याला वेगळा दामच नाही, ती मुख्य कोडातच धरलेली. दुर्बिणीतून काढली तर ३३५०८ जोडता येतो. हाताची रेडियल धमनी काढली तर तिला वेगळा कोड. पण हॉस्पिटलच्या ॲडमिट पेशंटच्या बिलाला पीसीएस, ही ऑपरेशनच्या कोडांची दुसरी पद्धत, लागते, आणि तिथे पायाची शीर काढणं स्वतंत्र मोजतात, डावा पाय की उजवा यासकट. लिमा तिथे मोजत नाहीत, कारण तिचं मूळ जागच्या जागी राहतं, ती कापून बाहेर काढलेली नसते. सरांनी हे फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी दाखवलं, आणि दीड वर्ष डोक्यात असलेला गुंता वीस मिनिटांत सुटला.

दुसऱ्या रविवारी घरचा अभ्यास म्हणून मी अण्णांची फाइल नेली. अण्णांचा बायपास मिरजेला झाला, अटॅकनंतर सातव्या आठवड्यात. डिस्चार्ज कार्डावर तीन ग्राफ्ट, ऑफ पंप (हृदय चालू ठेवूनच), कुठून कुठे तेही लिहिलेलं. सरांनी विचारलं, "पाय कुठला?" मी म्हटलं, उजवा, घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत, ड्रेसिंग मीच केलंय. "कार्डावर कुठे आहे?" नव्हतं. "तुम्हाला माहीत आहे, कागदाला माहीत नाही. क्वेरी पाठवा." क्वेरी म्हणजे डॉक्टरला लेखी विचारणा. सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

अण्णांच्या फाइलवरच निदानाचे कोडही झाले. अटॅकला चार आठवडे उलटले की ताज्या अटॅकचा कोड आय २१ संपतो, जुना अटॅक म्हणून आय २५.२ लागतो. बायपास झालाय म्हणून झेड ९५.१. पण मूळच्या धमन्यांचा आजार, आय २५.१०, तसाच राहतो. अण्णा सगळ्यांना "ब्लॉकेज काढले" म्हणून सांगतात, ते कोडाला मान्य नाही. उद्या ग्राफ्टच तुंबला तर कोड पुन्हा वेगळा. गंमत म्हणजे कागदावर नसलेलं काही धरायचं नाही हे आठवडाभर घोकून घेतल्यावर सरांनी उलटी बाजू काढली. धमन्यांचा आजार आणि अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) दोन्ही लिहिलेले असतील तर डॉक्टरनं संबंध जोडलेला नसला तरी तो आहेच असं धरायचं, "संबंध नाही" असं स्पष्ट लिहिलं असेल तेवढं सोडून. म्हणून अनस्टेबल अंजायनाला आय २०.० वेगळा नाही, दोन्ही मिळून आय २५.११०. बीपी आणि हार्ट फेल्युअरचंही तेच.

आता तक्रारी. नोट्सची पीडीएफ जुनी आहे. तीत सीपीसीची, म्हणजे कोडरच्या सर्टिफिकेटची, परीक्षा अजून १५० प्रश्नांची आहे, प्रत्यक्षात ती आता १०० प्रश्नांची आणि चार तासांची. रेडियल दुर्बिणीतून काढायचा ३३५०९ हा कोड २०२२ पासून आहे, पीडीएफला त्याचा पत्ता नाही. विचारलं तर "अपडेट करतोय". पीसीएसला फक्त दोन तास दिले, त्याला दोन दिवस हवेत. झडपांचे कोड शेवटच्या रविवारी दुसऱ्याच मॅडमनी स्लाइडवरून वाचून दाखवले, त्या वेळात मी खाली जाऊन चहा पिऊन आले. रेकॉर्डिंग मिळेल म्हणाले होते, दोन महिने झाले, नाही मिळालं. आणि काउंटरवर फ्रेशर पोरांना "शंभर टक्के प्लेसमेंट" सांगतात, त्यातल्या तिघांचे मला अजून मेसेज येतात, ताई कुठे ओपनिंग आहे का.

पाचपैकी साडेतीन देते, त्यातले तीन एकट्या सरांचे. फी भरण्याआधी बायपास कोण शिकवणार ते काउंटरवर नाव घेऊन विचारा. स्लाइडवाल्या मॅडमचं नाव आलं तर बारा हजारांत चालू वर्षाचं पुस्तक घ्या आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा.