महालातली बिनपाटीची चक्की

नागपुरात मनीषनगरला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली, तरी आमचं दळण महाल या जुन्या वस्तीतच जातं. इथे घराखाली पिठाची पाकिटं मिळतात, शेजारणीकडे घरघंटी आहे, आणि मुलगा दर वेळी विचारतो, "आई, एवढं ओझं कशाला नेतेस?" त्याला सांगून झालं, आता सगळ्यांसाठीच लिहिते.

चक्कीला पाटी नाही, कधीच नव्हती. बडकस चौकातून केळीबाग रस्त्याला लागायचं आणि कोणालाही विचारायचं. गल्लीत शिरलं की गरम पिठाचा वास येतो, तिथून पुढे विचारावं लागत नाही. आधी काका चालवायचे, आता त्यांचा मुलगा बसतो. त्याला मी चड्डीत पाहिलेलं आहे, पण आता भाऊच म्हणते.

मागच्या श्रावणात शरबती गहू घेऊन गेले होते. भाऊंनी डब्यात कोपरापर्यंत हात घातला, चार दाणे दाताखाली फोडून पाहिले आणि डबा माझ्याकडे सरकवला. "ताई, गहू थंडा लागून राहिला. दोन दिवस ऊन दाखवा न, मंग आणा. असा दळला तर दगडाले चिकटते, अन् पीठ टिकत नाही." श्रावणात ऊन कुठलं! पंख्याखाली चादरीवर पसरला आणि तीन दिवसांनी परत नेला. त्या दिवशी हेलपाट्याचा राग आला होता. पण पैसे समोर असताना दळण परत करणारा माणूस शहरात दुसरा कुठे आहे, मला माहीत नाही.

गहू-ज्वारीची चक्की वेगळी, डाळींची वेगळी, आणि तिखट-हळदीचं कांडप आतल्या खोलीत, म्हणजे भिवापुरी मिरचीची धसक पिठाला लागत नाही. दगडाच्या खाचा झिजल्या की दाणा कापला जात नाही, चेचला जातो, आणि पीठ नको तेवढं तापतं. म्हणून भाऊ दर पंधरा-वीस दिवसांनी चक्की उघडून छिन्नी-हातोडीने दगडाला टाकी लावतात. टाकीनंतर पहिल्या पिठात कच येते. ती गिऱ्हाइकाच्या ताटात जाऊ नये म्हणून ते आधी दोन-तीन किलो कोंडा फिरवतात आणि फेकून देतात. हे मी स्वतः पाहिलं आहे. "रोडग्यांसाठी" एवढंच सांगितलं की दळण जाडं येतं, "पुरणपोळीला" म्हटलं की बारीक. घरघंटीत दगड नसतो, त्यात दाणा पात्यांनी फुटतो. शेजारणीकडून ज्वारी दोनदा दळून घेतली, दोन्ही वेळा भाकरीला कडेने चिरा गेल्या. पाकिटातल्या पिठाबद्दल एवढंच सांगते की त्याला वास नसतो.

रांगेत उभं राहिलं की सगळी गल्ली समोर असते, आणि मी मनाशी दुकानं मोजत बसते. आता जिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात, तिथे कल्हईवाला बसायचा. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर, आणि काळ्या पातेल्यात कापसाचा बोळा फिरला की एकदम चांदीसारखी चमक. शाळेतून येताना आम्ही पोरी तिथे थांबायचो आणि खोकत घरी जायचो. त्याच्या शेजारी पिंजारी. पुढे भाड्याच्या सायकली, कॅसेट भरून देणारा, एसटीडीचा काचेचा डबा.

कोपऱ्यावर तेलघाणी होती. आई घरचे जवस निवडून द्यायची आणि घाणीवरून तेलही आमचं, ढेपही, म्हणजे तेल काढून उरलेली पेंडही, आमची परत यायची. ढेप गवळ्याला गेली की त्या महिन्याच्या दुधात तेवढे पैसे वळते व्हायचे. जवसाच्या तेलाचा तो उग्र, हिरवट वास मला बाटलीबंद तेलात एकदाही सापडला नाही.

आणि रफूवाला. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच. माझ्या लग्नातल्या शालूला खिळ्याने भोक पडलं तेव्हा त्याने शालूच्याच आतल्या दुमडीतून धागे काढले, दोन दिवस घेतले, आणि परत देताना मलाच विचारलं, "कुठे होतं, दाखवा बरं." मला दाखवता आलं नाही. आजही नाही.

त्याच्या समोर घड्याळजी, डोळ्याला भिंग अडकवलेला. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना बंद करायचं सरकारने २०१६ मध्ये ठरवलं, त्याच्या कितीतरी आधी यांना सुटे भाग मिळेनासे झाले होते. शेवटी शेवटी ते एका जुन्या घड्याळाचे भाग काढून दुसऱ्यात बसवायचे.

विकणारी दुकानं जातात तशी नवीन येतात. गल्लीत किराणा आहे, कापड आहे, औषधं आहेत, सगळं मिळतं. गेली ती करून देणारी दुकानं, जिथे आपण आपलीच वस्तू न्यायची आणि आपलीच परत आणायची. त्यांच्या जागी दुसरं कोणी आलं नाही. त्या सगळ्यांतली ही चक्की तेवढी उरली.

लोक म्हणतात स्टील आलं, प्लास्टिक आलं, त्याने हे धंदे बसले. ते खरं आहे, पण मी त्यात आणखी एक कारण धरते. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती मिल गांधीसागराजवळ, आमच्या घरून चालत जाण्याइतकी. आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष तिच्या भोंग्यावर उठायचे, आणि पगाराच्या संध्याकाळी कल्हईवाल्यापासून रफूवाल्यापर्यंत सगळ्यांची उधारी फिटायची. २००२ मध्ये मिल बंद झाली, तिथे आता मॉल उभा आहे. पगाराचा दिवसच राहिला नाही तर रफूवाल्याने कोणाच्या भरवशावर बसायचं? पुढे केळीबाग रस्ता रुंद करायला घेतला, त्यात दर्शनी दुकानंही गेली. चक्की गल्लीच्या आत होती म्हणून वाचली.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. गहू-ज्वारीचे ८ रुपये किलो, डाळीचे थोडे जास्त. दळण आधी आणि नंतर, दोन्ही वेळा काट्यावर ठेवतात. ८ किलोला पाव किलोच्या आतच घट येते. आधीच्या माणसाचं पीठ दगडात थोडं उरतंच, तेव्हा ज्वारी नेणाऱ्यांनी दुपारी चारनंतर जावं, त्या वेळी ज्वारीच्याच मागे ज्वारी लागते. पीठ घरी नेल्यावर डब्याचं झाकण लगेच लावू नका, निवू द्या. बसायला जागा नाही, आणि गुडघे दुखणाऱ्यांना हा खरंच त्रास आहे. मी भाऊंना एक बाकडं ठेवायला तीनदा सांगितलं, अजून ठेवलं नाही. गाडी लावायलाही जागा नाही. मी मेट्रोने जाते: उज्ज्वलनगरहून सीताबर्डी, तिथे गाडी बदलून चितार ओळी चौक, पुढे ई-रिक्षा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींच्या, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात, त्या दिवशी महालात दळण घेऊन जाण्याचं मनातही आणू नका.

माझा डबा वडिलांचा आहे. चक्कीवर डबे बदलले जाऊ नयेत म्हणून गल्लीतल्या पेंटरकडून त्यांनी त्यावर लाल ऑइलपेंटने स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं. पेंटरचंही दुकान गेलं, पण त्याचा रंग अजून उडालेला नाही. मला ओळखत असूनही भाऊ दळण झालं की डब्यावरचं नावच मोठ्याने पुकारतात, काका पुकारायचे तसं. मी "हो जी" म्हणून पुढे होते.

आता ज्वारी न्यायची आहे. मंगळवारी टाकी लावणार म्हणाले, तेव्हा बुधवारी चारनंतर जाईन.